अल्झायमरवर ऑपरेशन आहे का? चाळीस वर्षांच्या प्रयत्नांची गोष्ट



काही महिन्यांपूर्वी शनिवारची ओपीडी संपत आली असताना एक जुने कुटुंब आले. वडील निवृत्त शिक्षक, वय ७३. तीन वर्षांपासून अल्झायमर. सोबत काकू आणि मुलगा. मुलाने बसल्या बसल्या मोबाईल माझ्यासमोर धरला. व्हिडिओत परदेशातले एक आजोबा होते. मानेवर छोटी पट्टी. खाली लिहिले होते की ऑपरेशननंतर काही दिवसांतच त्यांनी नातवाला नावाने हाक मारली.

"डॉक्टर, मानेतलं छोटंसं ऑपरेशन आहे. मेंदूला हातही लावत नाहीत. खर्चाचं आम्ही बघू. गावाकडची दोन एकर जमीन आहे. बाबांसाठी विकायला लागली तरी हरकत नाही."

काकू काहीच बोलल्या नाहीत. त्या फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"नको" असे एका शब्दात सांगणे सोपे होते. पण एवढ्या मोठ्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर दिले की माणूस ते ऐकतो, घरी जातो आणि दुसऱ्या डॉक्टरला विचारतो. म्हणून मी त्यांना सोमवारी पुन्हा बोलावले आणि अल्झायमरवर आजवर कोणकोणती ऑपरेशने झाली, त्यांचे पुढे काय झाले, हे सविस्तर सांगितले. तेच आज तुमच्यासाठी लिहितो आहे. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा अलीकडच्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही.

आजार कळला, पण कापायचे काय?

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. विस्मरण, संशय, गोंधळ. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर चिकट पदार्थाचे डाग आणि पेशींच्या आत गुंतवळासारखे धागे त्यांना दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी हे एका परिषदेत मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

सर्जनच्या दृष्टीने पाहा. गाठ असेल तर ती काढता येते. पू किंवा पाणी साचले असेल तर ते बाहेर काढता येते. रक्तवाहिनी तुंबली असेल तर वळसा घालून दुसरी जोडता येते. अल्झायमरमध्ये मात्र बिघाड मेंदूत अनेक ठिकाणी, कोट्यवधी पेशींत पसरलेला असतो. कापून काढायला काही नाही. म्हणून कितीतरी दशके सर्जन या आजाराच्या वाटेला गेलेच नाहीत.

चित्र बदलले १९७० च्या दशकात. अल्झायमर रुग्णांच्या मेंदूत अॅसिटिलकोलीन नावाचे रसायन कमी असते, असे संशोधकांना आढळले. हे रसायन एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीपर्यंत पोहोचवते आणि स्मरणशक्तीशी त्याचा जवळचा संबंध आहे. मग साधा विचार आला. मधुमेहात इन्सुलिन कमी पडते तर आपण ते बाहेरून देतो. तसे हेही देता येईल का?

पोटातला पंप

अडचण अशी की रक्तातले बहुतेक पदार्थ मेंदूत सहज शिरत नाहीत. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार निवडक असतात. सोसायटीच्या गेटवरच्या कडक वॉचमनसारख्या. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील डार्टमथ येथील न्यूरोसर्जन रॉबर्ट हार्बो यांनी पोटाच्या कातडीखाली एक छोटा पंप बसवला. त्यातून निघालेली बारीक नळी कातडीखालून डोक्यापर्यंत नेली आणि मेंदूतील पाण्याच्या पोकळीत सोडली. पंपात बेथॅनेकॉल हे अॅसिटिलकोलीनसारखे काम करणारे औषध भरले.

१९८४ मध्ये त्यांनी चार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. नातेवाईक सांगत होते की गोंधळ कमी झाला, माणूस पुन्हा घरात लक्ष घालू लागला. बातमी गाजली.

डॉ. हार्बो आणि त्यांचे सहकारी मात्र एवढ्यावर थांबले नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. त्यांनी अनेक केंद्रांत मिळून ४९ रुग्णांवर नीट चाचणी केली. पंपात औषध आहे की नुसते निष्क्रिय द्रव, हे ना तपासणाऱ्याला ठाऊक होते ना घरच्यांना. १९८९ मध्ये निकाल आला. चाचणीच्या गुणांत किंचित फरक होता. पण ज्यासाठी माणसाच्या डोक्याला भोक पाडावे, असा फायदा दिसला नाही. हा मार्ग तिथेच बंद झाला.

या गोष्टीत पुढे पुन्हा पुन्हा येणारा क्रम आहे. आधी चार-पाच रुग्ण, घरच्यांचे पाणावलेले डोळे, मोठी बातमी. मग नीट चाचणी आणि शांतता.

पोटातली चरबीची चादर मेंदूवर

आपल्या पोटात आतड्यांवर चरबीची, रक्तवाहिन्यांनी भरलेली एक चादर असते. तिला ओमेंटम म्हणतात. पोटात कुठे जखम वा जंतुसंसर्ग झाला की ही चादर तिथे जाऊन चिकटते. जिथे चिकटते तिथे नव्या रक्तवाहिन्या तयार करते. पोटाच्या सर्जनना हिचा हा गुण फार पूर्वीपासून माहीत आहे.

अमेरिकन सर्जन हॅरी गोल्डस्मिथ यांनी विचार केला की ही चादर मेंदूपर्यंत नेली तर? तिचा रक्तपुरवठा न तोडता ती लांब करायची, छाती आणि मानेच्या कातडीखालून वर आणायची, कवटी उघडायची आणि मेंदूच्या पृष्ठभागावर पसरायची. आधी प्राण्यांवर प्रयोग झाले, नंतर पक्षाघात आणि अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांवर. काही रुग्ण सुधारल्याचे अहवाल प्रसिद्धही झाले.

पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पोट आणि कवटी दोन्ही उघडणारे तासन्‌तासांचे ऑपरेशन, तेही वृद्ध आणि गोंधळलेल्या रुग्णात. शिवाय मुळातला प्रश्न उरतोच. अल्झायमरमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला दिसतो, पण ते आजाराचे कारण आहे की पेशी मेल्याचा परिणाम? ज्या वाड्यातली माणसे निघून गेली तिथे पाण्याचा वापर कमी होणारच. नळ मोठा केल्याने माणसे परत येत नाहीत.

मेंदूतले पाणी काढण्याची गोष्ट

आता जे सांगतो ते नीट वाचा, कारण यात एक खरोखर उपयोगी माहिती आहे.

१९५७ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात १६ वर्षांच्या एका मुलाला गाडीने ठोकरले. डोक्यातली रक्ताची गाठ काढली, तरी तो शुद्धीवर नीट येईना. न्यूरोसर्जन सालोमोन हाकीम यांना तपासणीत मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगलेल्या दिसल्या, पण पाण्याचा दाब मात्र नॉर्मल. त्यांनी कमरेतून थोडे पाणी काढले. मुलगा बोलू लागला. पुढे नळी टाकून पाणी कायमचे वळवल्यावर तो बरा झाला. १९६५ मध्ये हाकीम आणि बोस्टनचे रेमंड अॅडम्स यांनी असे आणखी रुग्ण जगासमोर आणले. या आजाराला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, थोडक्यात एनपीएच म्हणतात.

एनपीएचची तीन लक्षणे लक्षात ठेवा. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विसराळूपणा. यात बहुधा चालणे आधी बिघडते आणि विसरणे नंतर येते. अल्झायमरमध्ये बहुधा उलटे असते. एनपीएचच्या योग्य रुग्णात नळी टाकण्याचे ऑपरेशन, म्हणजे शंट, खरोखर उपयोगी पडते. म्हणूनच विसराळूपणाच्या प्रत्येक रुग्णाचा निदान एकदा तरी सीटी किंवा एमआरआय स्कॅन करावा असा माझा आग्रह असतो. त्यातच पडल्यानंतर हळूहळू साचलेले रक्त किंवा गाठही सापडू शकते. हे दोन्हीही ऑपरेशनने बरे होऊ शकणारे विसराळूपणाचे प्रकार आहेत.

आता शंटने एनपीएच सुधारतो, तर अल्झायमर का नाही, असा प्रश्न येणारच. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डचे न्यूरोसर्जन जेराल्ड सिल्व्हरबर्ग आणि सहकाऱ्यांचे म्हणणे असे होते की वयानुसार मेंदूतले पाणी संथ होते आणि त्यातली घाण, म्हणजे अमायलॉइड, साचत जाते. तुंबलेल्या गटाराला थोडा उतार दिला तर ती वाहून जाईल. त्यासाठी अगदी संथ वाहणारा एक खास शंट बनवला गेला. त्याचे नाव कॉग्निशंट. २००२ मध्ये २९ रुग्णांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. शंट बसवलेल्यांची घसरण थांबल्यासारखी दिसत होती. पुन्हा आशा, पुन्हा बातम्या.

मग मोठी चाचणी झाली. २१५ रुग्ण. सगळ्यांना शंट बसवला, पण निम्म्यांचा शंट मुद्दाम बंद ठेवलेला. कोणाचा चालू आणि कोणाचा बंद, हे रुग्णाला माहीत नाही, घरच्यांना नाही, तपासणाऱ्यालाही नाही. मधल्या टप्प्यावर आकडे पाहिले तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. चाचणी आवरती घेतली गेली आणि २००८ मध्ये निकाल छापून आला.

खोटे ऑपरेशन कशासाठी?

हे ऐकून काकूंनी पहिल्यांदाच तोंड उघडले. "म्हणजे माणसाला कापायचं आणि आत काहीच करायचं नाही? हे पाप नाही का?"

प्रश्न रास्त आहे. त्यासाठी हृदयरोगातली एक जुनी गोष्ट सांगतो. १९५० च्या दशकात छातीत दुखणाऱ्या हृदयरुग्णांवर एक ऑपरेशन लोकप्रिय होते. छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी बांधून टाकायची, म्हणजे तिचे रक्त हृदयाकडे वळेल, असा तर्क. बरेच रुग्ण सांगत की दुखणे कमी झाले. १९५९ मध्ये अमेरिकेतील सिअॅटलचे लेनर्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्णांवर तुलना केली. काहींची धमनी बांधली, काहींच्या फक्त कातडीला छेद दिला. दोन्ही गटांत सारखाच आराम. थोड्याच काळात ते ऑपरेशन बंद पडले. १७ रुग्णांच्या त्या चाचणीमुळे पुढचे हजारो लोक निष्फळ कापाकापीतून वाचले.

अल्झायमरमध्ये तर फसगत होण्याला आणखी कारणे आहेत. या आजारात माणसाचे दिवस सारखे नसतात. आज ओळखत नाही, उद्या नावाने हाक मारतो. आपण सर्वांत वाईट आठवड्यात डॉक्टरकडे जातो, त्यानंतर थोडे बरे दिवस आपोआप येतात. ऑपरेशनच्या निमित्ताने मुले गावाहून येतात, सगळे भोवती बसतात, औषधे वेळेवर दिली जातात, झोप नीट होते. माणूस खुलतो. घरच्यांना सुधारणा दिसते आणि ते खोटे बोलत नसतात. फक्त ती सुधारणा ऑपरेशनची आहे की भोवतालच्या माणसांची, हे व्हिडिओवरून कळू शकत नाही. व्हिडिओत नातवाला हाक मारणारे ते आजोबा पुढच्या महिन्यात कसे होते, हेही आपल्याला दिसत नाही.

पेशींचे खत आणि जनुक

इटलीच्या रीटा लेव्ही-मॉंताल्चिनी यांनी मज्जापेशींना जगवणारा आणि वाढवणारा एक पदार्थ शोधला. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. याबद्दल त्यांना १९८६ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत नोबेल मिळाले. पेशींचे खतच म्हणा ना. हे खत अल्झायमरमध्ये मरत चाललेल्या पेशींना घातले तर?

स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात तीन रुग्णांच्या मेंदूतील पाण्यात ते नळीने सोडले. पाण्यात सोडल्यामुळे ते सगळीकडे पसरले. रुग्णांना पाठदुखी सुरू झाली, वजन घटले. खत शेतभर गेले आणि नको तिथले तणही वाढले, तसे झाले.

मग सॅन डिएगोचे मार्क टुझिन्स्की यांनी ते नेमक्या जागी पोहोचवायचे ठरवले. रुग्णाच्याच कातडीच्या पेशी घेतल्या, प्रयोगशाळेत त्यांत हे खत बनवणारे जनुक घातले आणि त्या पेशी सुईने मेंदूच्या खोल भागात सोडल्या. पहिले ऑपरेशन एप्रिल २००१ मध्ये झाले. एकूण आठ रुग्ण. सुरुवातीच्या रुग्णांना पूर्ण भूल दिलेली नव्हती. दोघे सुई आत असतानाच हलले आणि मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातला एक रुग्ण पाच आठवड्यांनी दगावला. त्यानंतर पूर्ण भूल देणे सुरू झाले. त्या मृत रुग्णाच्या मेंदूत मात्र सोडलेल्या पेशींच्या दिशेने नवे मज्जातंतू वाढलेले दिसले. पेशी प्रतिसाद देत होत्या.

पुढे पेशींऐवजी निरुपद्रवी विषाणूतून जनुक पाठवले गेले. ४९ रुग्णांची चाचणी झाली, त्यातही निम्म्यांचे ऑपरेशन नावापुरते. २०१८ मध्ये निकाल आला की दोन्ही गट सारखेच घसरले. २०२० मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या चाचणीतल्या मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासल्यावर दिसले की जनुक हव्या त्या पेशींपर्यंत नीट पसरलेच नव्हते. म्हणजे कल्पना चूक होती की सुई थोडी चुकली, हे त्या चाचणीतून कळलेच नाही. निधनानंतर मेंदू दान करणाऱ्या त्या कुटुंबांमुळे निदान एवढे तरी समजले.

विजेचा धक्का आणि माझी एक चूक

पार्किन्सनच्या आजारात मेंदूत बारीक तार बसवून सौम्य वीज देण्याचे ऑपरेशन, म्हणजे डीबीएस, आज भारतातही होते आणि योग्य रुग्णात छान उपयोगी पडते. अल्झायमरमध्ये असा पहिला प्रयत्न कॅनडात एका रुग्णावर १९८५ मध्येच नोंदला गेला होता. फायदा दिसला नाही आणि विषय मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला योगायोगाने. कॅनडातच, टोरंटोत आंद्रेस लोझानो यांच्याकडे सुमारे १९० किलो वजनाचा एक रुग्ण होता. भूक कमी व्हावी म्हणून त्याच्या मेंदूत तारा बसवत होते. रुग्ण जागा होता. वीज सुरू करताच त्याला तरुणपणीचा एक प्रसंग लख्ख आठवला. बाग, मित्रमंडळी. वीज वाढवली की आठवण आणखी स्पष्ट. तार फॉर्निक्स या स्मरणशक्तीच्या वायरिंगजवळ होती. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये सहा अल्झायमर रुग्णांचा अहवाल आला, त्यात काहींची घसरण मंदावल्यासारखी वाटत होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या सुमारास माझ्याकडे बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ येत. लवकर सुरू झालेला अल्झायमर. त्यांच्या पत्नीला धीर द्यावा म्हणून मी ही बातमी सांगितली आणि म्हणालो, "तीन-चार वर्षांत आपल्याकडेही येईल बघा." ताई दर भेटीत विचारायच्या, "आलं का हो ते ऑपरेशन?" त्यांनी मुलीच्या लग्नाचे दागिनेही त्यासाठी बाजूला ठेवले होते, हे मला फार उशिरा कळले. आणि ज्या काळात नवऱ्याशी बँकेचे, घराचे, पुढच्या काळजीचे बोलून घेता आले असते तो काळ वाट बघण्यात गेला. माझा हेतू चांगला होता. पण सहा रुग्णांवरून मी वचन दिल्यासारखे बोललो होतो.

पुढे ४२ रुग्णांवर चाचणी झाली. सगळ्यांना तारा बसवल्या, निम्म्यांची वीज वर्षभर बंद. २०१६ मध्ये निकाल आला. एकूण फरक नाही. ६५ च्या पुढच्या रुग्णांत थोडा फायदा असू शकेल, त्याहून तरुण रुग्णांत मात्र उलट नुकसान झाले असावे, असे आकडे दाखवत होते. माझे ते गृहस्थ बासष्टचे होते. यावर संशोधन अजून सुरू आहे, पण उपचार म्हणून ते आजही सिद्ध झालेले नाही.

चाकूशिवाय

टोरंटोतच २०१८ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एमआरआय यंत्रात रुग्णाला ठेवून कवटी न उघडता ध्वनिलहरी मेंदूतील एका बिंदूवर एकवटायच्या. रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडलेले असतात. त्यांच्या कंपनाने त्या जागेपुरता गेटवरचा वॉचमन थोडा वेळ बाजूला होतो आणि एका दिवसात पुन्हा जागेवर येतो. पाच रुग्णांत हे सुरक्षितपणे करता आले. २०२४ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या डॉक्टरांनी तीन रुग्णांत अमायलॉइड काढणारे औषध देऊन नंतर हे केले. ध्वनिलहरी दिलेल्या भागातला अमायलॉइड इतर भागांपेक्षा जास्त कमी झाला. तीन रुग्ण. यावरून काय होते हे कळले, रुग्णाचे भले होते का हे अजून कळायचे आहे.

आणि आता मानेतले ऑपरेशन

मुलाने दाखवलेला व्हिडिओ चीनमधला होता. त्यामागचे विज्ञान खरे आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत मेकन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवले की मेंदूची स्वतःची घाण धुऊन काढणारी व्यवस्था असते. २०१५ मध्ये मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या सापडल्या. त्या मानेतल्या गाठींकडे उतरतात. हत्तीपायात किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर हात सुजतो तेव्हा बारीक लसिकावाहिनी शिरेला जोडून सूज कमी करता येते, हे प्लास्टिक सर्जन करतातच. मग मानेतल्या लसिकावाहिन्या शिरेला जोडल्या तर मेंदूची घाण लवकर वाहून जाईल, असा तर्क हांगझोऊच्या सर्जननी लढवला.

या तर्काचा चेहरा तुम्हाला ओळखीचा वाटेल. संथ शंटचा तर्क हाच होता. तुंबलेले गटार मोकळे करा. ती चाचणी २००८ मध्येच फसली होती. म्हणून नवी कल्पना चूकच ठरेल असे नाही, वाट वेगळी आहे. पण सावध राहायला एवढे कारण पुरेसे होते.

चीनमध्ये झाले उलटे. मोठी चाचणी होण्याआधीच हे ऑपरेशन एका रुग्णालयातून शेकडो रुग्णालयांत पसरले. समाजमाध्यमांवर व्हिडिओंचा पूर आला. शेवटी जुलै २०२५ मध्ये चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने अल्झायमरसाठी हे ऑपरेशन करण्यावर बंदी घातली. कारण दिले की ही पद्धत अजून शोधाच्या प्राथमिक टप्प्यात आहे आणि ती सुरक्षित व परिणामकारक असल्याचा भक्कम पुरावा नाही. ज्या देशात ते सर्वाधिक झाले, त्याच देशाने ते थांबवले. व्हिडिओ मात्र अजून फिरत आहेत.

मग विचारायचे काय?

प्रयोग वाईट नसतात. प्रयोगांशिवाय उद्याचा उपचार सापडणार नाही आणि त्यात भाग घेणाऱ्या रुग्णांचे आपल्यावर उपकार आहेत. पण प्रयोग हा उपचार म्हणून विकत घ्यायचा नसतो. कोणी नवे ऑपरेशन सुचवले तर हे प्रश्न जरूर विचारा:

१. हे रूढ उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर नैतिकता समितीची परवानगी आहे का? भारतात असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत त्याची नोंद आहे का? ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही बघता येते.

२. तुलनेचा गट होता का? किती रुग्ण, किती महिने पाहिले?

३. प्रयोग असूनही रुग्णाकडून लाखो रुपये घेतले जात आहेत का? तसे असेल तर तिथेच थांबा.

४. काही बिघडले तर जबाबदारी कोणाची आणि नुकसानभरपाई काय?

५. रुग्णाला स्वतःला हे कळते आहे का? कळत असताना तो काय म्हणाला असता?

६. ऑपरेशन, भूल आणि रुग्णालयातला मुक्काम यांचाच त्रास किती? अल्झायमरच्या वृद्ध रुग्णात यांनी गोंधळ वाढू शकतो.

आणि जे आज आपल्या हातात आहे ते आधी करा. विसराळूपणा दिसला की थायरॉइड, बी१२ आणि मेंदूचा स्कॅन. रक्तदाब, साखर, ऐकू येणे, दिसणे, झोप, नैराश्य यांकडे लक्ष. डोनेपेझिलसारखी औषधे आजार थांबवत नाहीत, पण काही रुग्णांत काही काळ मदत करतात. अमायलॉइड काढणारी नवी इंजेक्शने आजाराच्या अगदी सुरुवातीला घसरण थोडी मंदावतात. पण त्यांना मेंदूतील सूज व रक्तस्रावाचा धोका आहे, म्हणून ती मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. घरातल्या तरुणांनीही लक्षात ठेवावे: २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या मते जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता येण्याजोग्या किंवा लांबवता येण्याजोग्या कारणांशी जोडलेले आहेत. त्यात रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, बहिरेपण, धूम्रपान, एकटेपणा येतात.

त्या घरी काय झाले?

सोमवारच्या त्या भेटीत मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी काहीच करू शकत नाही का?"

मी म्हटले, "जमीन राहू दे. आईंकडे बघ."

काकूंचे वजन सहा महिन्यांत सात किलो घटले होते. सर रात्री उठून शाळेत जायला निघत आणि काकू दाराशी जागत बसत. त्यांचा रक्तदाब कोणी वर्षभर तपासला नव्हता. त्या दिवशी मी सरांच्या आधी त्यांना तपासले. मग आम्ही कागद घेऊन बसलो. रात्रीसाठी एक मदतनीस, दाराला वर कडी, संध्याकाळी फिरणे, झोप बिघडवणारी दोन औषधे बंद, कानाचे यंत्र आणि मुलाने महिन्यातून दोन शनिवार-रविवार गावी येऊन आईला पूर्ण सुटी द्यायची. बँकेचे आणि घराचे कागदही त्याच आठवड्यात बघायला सांगितले. यावेळी मला उशीर करायचा नव्हता.

सर बरे झालेले नाहीत. आजार पुढे सरकतो आहे आणि तो सरकणार, हे मुलाला आता माहीत आहे. रात्रीचे उठणे कमी झाले आहे. काकूंचे वजन तीन किलोने वाढले आहे. मागच्या भेटीत सरांनी माझ्या टेबलावरचा खडू समजून पेन उचलला आणि माझ्या प्रिस्क्रिप्शनवर एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला. दुरुस्ती बरोबर होती.

उद्या खरोखर उपयोगी ऑपरेशन निघाले, तर मी इथेच लिहीन आणि किती रुग्णांवर, कशाशी तुलना करून ते सिद्ध झाले, तेही लिहीन. तोपर्यंत कोणाच्या घरी असा व्हिडिओ आला, तर जमिनीचा व्यवहार करण्याआधी एकदा आपल्या फॅमिली डॉक्टरांशी शांतपणे बसून बोला.

काळजी घ्या. आणि काळजी घेणाऱ्यांचीही घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आपल्या औषधांत स्वतःहून बदल करू नका.)